शपथ काकूंची!

मैत्रिणींनो, आमचा माठ स्वयंपाकघराच्या दारातच आहे. पण त्याच्यापासून दोन पावलांवर बसलेल्या माणसाला तहान लागली, की हाक मात्र मलाच! मग माझी पोळी तव्यावर असो, नाहीतर मी बचत गटाच्या मीटिंगहून नुकती टेकलेली असो.

हा माठ मी तेरहून आणला. गटातल्या बायकांबरोबर गोरोबाकाकांच्या यात्रेला गेले होते तेव्हा. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेकाठचं हे गाव. संत गोरा कुंभार इथलेच. शके १२३९ च्या चैत्र वद्य त्रयोदशीला, म्हणजे १३१७ साली त्यांनी इथंच देह ठेवला, असं मानतात. ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यात वयानं वडील, म्हणून सगळ्यांचे ते काका. मग त्यांची बायको संती आपली काकूच की! पण काकूंची आठवण कुणाला?

त्यांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. संतीकाकू पाण्याला गेल्या. बाळावर लक्ष ठेवायला काका घरीच. पण काका चिखल तुडवता तुडवता विठ्ठलनामात रंगले आणि रांगत आलेलं लेकरू पायाखाली गेलं. इथं मला हसू येत नाही. एका आईनं घागर खाली ठेवली आणि काय पाहिलं असेल! तिनं आकांत केला. भजन मोडलं म्हणून काका उलट तिच्याच अंगावर धावून गेले. तेव्हा काकूंनी शपथ घातली, अंगाला हात लावाल तर विठोबाची आण!

आणि काकांनी ती पाळली! पुढं काकूच नरमल्या, पण काका हटेनात. वंश चालावा म्हणून काकूंनी आपली बहीण रामी सवत म्हणून आणली. सासऱ्यांनी दोघींना सारखं वागवायला बजावलं. झालं! काकांनी रामीलाही तीच शपथ लागू केली. शेवटी झोपेत दोघींनी त्यांचे हात आपल्या अंगावर घेतले, तर काकांनी शपथ मोडणारे हातच तोडले. मग म्हणे विठोबा स्वतः नोकर होऊन त्यांच्या घरी मडकी घडवू लागला. पुढं पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात काकांना हात परत मिळाले, बाळही रांगत आलं.

याच काकांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली होती. गप्प बसले ते पक्के, कुरकुरले ते नामदेव कच्चे! मला मात्र नामदेव आपले वाटतात. टपल्या खाऊन गप्प बसण्यात आपण बायका जन्मापासून पक्क्याच आहोत. जरा कुरकुरायला शिकलं पाहिजे.

काकूंच्या एका नकारानं एवढं घडलं. शिवाय तो नकार नवऱ्यानं मानला, हे मला चमत्काराहून मोठं वाटतं. नाही म्हणायला आपल्याला जीव जाईस्तोवर का थांबायचं?

तेरहून आल्यावर मीही जाहीर केलं, उद्यापासून ज्याचं पाणी त्यानं घ्यायचं. पहिल्या दिवशी घरात तहान कुणालाच लागली नाही. दुसऱ्या दिवशी अहोंनी पेला कुठं असतो ते विचारलं. तिसऱ्या दिवशी लेकानं चक्क मलाच पाणी आणून दिलं.

हात कुणाचेच तुटले नाहीत, बरं का! उलट आमच्या घरात दोन जोड्या नव्यानं फुटल्या.