कॅथरीन डिकन्सची बाजू

चार्ल्स डिकन्सचे नाव उच्चारताच अनाथ मुले, कर्जदारांचे तुरुंग, धुराने काळवंडलेले लंडन आणि या साऱ्यातूनही टिकून राहणारा माणुसकीचा ओलावा डोळ्यांसमोर उभा राहतो. ज्या लेखकाने इंग्लंडच्या सुखवस्तू वर्गाला गरिबांची दखल घ्यायला लावली, त्याच्याच घरात एका स्त्रीवर अन्याय झाला, आणि त्या अन्यायाच्या समर्थनासाठी त्याने आपलीच लेखणी वापरली, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांना रुचणारी नाही. तरीही ती सांगितली पाहिजे. कारण हा प्रश्न केवळ एका दांपत्याच्या बेबनावाचा नाही. इतिहासात कोणाचा शब्द उमटतो आणि कोणाचा पुसला जातो, याचा तो प्रश्न आहे.

डिकन्सचा जन्म १८१२ चा. १८२४ मध्ये वडील कर्जापायी मार्शल्सीच्या तुरुंगात गेले आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला आठवड्याला सहा शिलिंगांवर बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात राबावे लागले. त्या अपमानाची सल त्याला जन्मभर पुरली. २ एप्रिल १८३६ रोजी त्याचा विवाह कॅथरीन हॉगार्थशी झाला, तेव्हा तो एक उमेदवार वार्ताहर होता. तिचे वडील जॉर्ज हॉगार्थ हे त्याचे लेखन छापणाऱ्या एका लंडनच्या वृत्तपत्राचे संपादक होते. त्याच सुमारास 'पिकविक पेपर्स'चा पहिला अंक बाहेर पडला आणि पाहता पाहता या तरुणाचे नाव घरोघरी पोचले.

कॅथरीनच्या वाट्याला काय आले? १८३७ ते १८५२ या काळात तिला दहा मुले झाली. १८३७ मध्ये तिची सतरा वर्षांची धाकटी बहीण मेरी त्यांच्याच घरी अकस्मात मरण पावली. १८४२ मध्ये चार लहान मुलांना मागे ठेवून ती पतीबरोबर सुमारे सहा महिने अमेरिकेत हिंडली. १८५१ मध्ये डोरा ही तान्ही मुलगी दगावली. त्याच वर्षी कॅथरीनने टोपणनावाने जेवणाच्या बेतांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. घर चालविणे, पाहुण्यांचा राबता सांभाळणे, एकामागून एक बाळंतपणे सोसणे, हे सारे श्रमच होते. पण त्यांना मोबदला नव्हता, म्हणून त्यांची मोजदादही नव्हती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात गृहिणीचे घरकाम आजही धरले जात नाही.

१८५७ मध्ये एका नाट्यप्रयोगाच्या निमित्ताने पंचेचाळीस वर्षांच्या डिकन्सची अठरा वर्षांच्या एलेन टर्नन या अभिनेत्रीशी ओळख झाली. त्याच वर्षी त्याने आपली खोली आणि पत्नीचे शयनगृह यांमधला दरवाजा बंद करवून घेतला. १८५८ मध्ये दोघे विभक्त झाले. कॅथरीनला वर्षाला ६०० पौंड आणि वेगळे घर मिळाले. थोरला मुलगा चार्ली तेवढा तिच्याबरोबर गेला. बाकीची मुले वडिलांकडे राहिली, आणि तिची सख्खी बहीण जॉर्जिनाही तिथेच राहिली.

मने जुळत नसतील तर माणसांनी वेगळे व्हावे, यात पाप नाही. डिकन्सचा दोष विभक्त होण्यात नव्हता. तो ज्या रीतीने विभक्त झाला, त्या रीतीत होता. जून १८५८ मध्ये त्याने स्वतःच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकात पहिल्याच पानावर निवेदन छापून अफवांचा इन्कार केला. पुढे ऑगस्टमध्ये त्याचे एक खासगी पत्र न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. त्यात पत्नीच्या मातृत्वावर ठपका होता आणि तिच्या मनःस्वास्थ्याविषयी सूचक उल्लेख होता. ज्याच्या हाती छापखाना आणि लक्षावधी वाचक, त्याच्यापुढे एकाकी स्त्रीने बोलायचे कुठे?

कायदाही तिच्या बाजूला नव्हता. १८५७ च्या घटस्फोट कायद्याने पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते; पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग यांसारखा आणखी एक गुन्हा सिद्ध करावा लागे. विवाहित स्त्रीची कमाई तिची स्वतःची मानणारा पहिला कायदा झाला तो १८७० मध्ये, म्हणजे डिकन्सच्या निधनाच्याच वर्षी. ज्या समाजात पत्नीचे उत्पन्न आणि मुलांचा ताबा ही दोन्ही पतीच्या मर्जीवर अवलंबून असतात, तिथे तडजोडीचा करार बरोबरीच्या माणसांत झाला असे म्हणता येत नाही.

कॅथरीनने जाहीर प्रत्युत्तर कधीच दिले नाही. १८७९ मध्ये मृत्यूपूर्वी तिने पतीची जुनी पत्रे मुलगी केट हिच्या स्वाधीन केली आणि ती ब्रिटिश म्युझियमला द्यावीत, अशी इच्छा व्यक्त केली. आपल्यावर एकेकाळी त्याचे प्रेम होते, एवढेच जगाला कळावे, असा तिचा हेतू होता. १९३९ मध्ये ग्लॅडिस स्टोरी यांच्या पुस्तकातून केटने सांगितलेल्या घरातल्या आठवणी उजेडात आल्या. २०१९ मध्ये प्राध्यापक जॉन बोवेन यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहातील काही पत्रे पुढे आणली. अखेरच्या काळात कॅथरीनने एका शेजाऱ्याला सांगितलेली हकिगत त्यांत आहे: पतीने आपल्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकण्याचा प्रयत्न केला होता, असे तिचे म्हणणे होते. तत्पूर्वी २००८ मध्ये गेनर अर्नोल्ड यांनी नावे बदलून याच संसारावर कादंबरी लिहिली. कल्पित वाङ्मयाला हे काम करावे लागले, याचे कारण तिची बाजू कागदावर फारच थोडी उरली होती.

मग डिकन्स वाचणे सोडून द्यावे काय? मुळीच नाही. त्याच्या पुस्तकांतील करुणा खोटी नव्हती. तथापि, दूरच्या दुःखाविषयी कळवळा असणे सोपे आणि जवळच्या माणसाला न्याय देणे अवघड, हे त्याच्या चरित्रातून शिकायचे. थोरांची चरित्रे लिहिताना त्यांच्या कीर्तीच्या जमेबरोबरच, ती कीर्ती उभी राहावी म्हणून दुसऱ्या कोणी काय खर्ची घातले, त्याची नोंदही झाली पाहिजे. एरवी हिशेब पुरा होत नाही.