शाळा अंगणात आली

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात बोर्ली पंचतन नावाचे गाव आहे. भोवती नारळी-पोफळीच्या बागा आणि जवळच दिवेआगरचा विस्तीर्ण समुद्रकिनारा. अशा परिसरात वाढणाऱ्या मुलाला खेळण्यांची वाण कधीच पडत नाही. ओहोटी लागली की ते वाळूवरचे शिंपले वेचते. लहान-मोठे निराळे करते, पांढरे एकीकडे व तपकिरी दुसरीकडे ठेवते आणि शेवटी त्यांची वाळूवर सुंदर नक्षी मांडते. वडील माणसे याला खेळ म्हणतात. परंतु या एका खेळात निसर्गाचे निरीक्षण आहे, गणित आहे आणि कलाही आहे. पुढे शाळेच्या वेळापत्रकात मात्र हे तिन्ही विषय तीन निरनिराळ्या तासांत वाटले जातात. मुलाच्या मनात जे एकरूप असते ते शाळेनेही एकत्र राखावे आणि असे शिक्षण गरिबातील गरीब मुलाच्या दारी न्यावे, या ध्यासाने ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या ताराबाई मोडक होत. कोकणच्या याच किनाऱ्यावर, परंतु दूर उत्तरेस, डहाणूच्या प्रदेशात त्यांचे कार्य फळास आले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते. अशा सुधारकी घरात मुलीच्या शिक्षणाला विरोध होण्याचे कारणच नव्हते. ज्या काळी मुली प्राथमिक शाळेतही क्वचितच दिसत, त्या काळी, १९१४ साली, ताराबाईंनी बी. ए. ची पदवी संपादन केली. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. परंतु संसारसुख त्यांच्या वाट्यास फार दिवस आले नाही. तेव्हा स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा निश्चय करून त्या राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या.

ते पद मानाचे होते. परंतु ताराबाईंचे मन तेथे रमले नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. छडी, धाकदपटशा आणि घोकंपट्टी यांना तेथे थारा नव्हता. १९२३ साली ताराबाई त्या कार्यात सामील झाल्या. या बालमंदिरामागील प्रेरणा इटलीतील मारिया माँटेसरी यांची होती. या विदुषीने १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत बालकांसाठी पहिले घर उघडले होते. मूल हात, डोळे आणि कान यांनी शिकते, हे जाणून त्यांनी लाकडी साधने घडविली होती. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत क्रमाने वाढणारे दहा ठोकळे मूल एकावर एक रचते. मनोरा उभा राहतो आणि लहान-मोठेपणाचा क्रम कोणी न सांगता मुलाच्या हाताला कळतो. मनोऱ्याची शोभा आणि क्रमाचे गणित अशी हातात हात घालून येतात.

१९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांच्या प्रयत्नाने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी मराठी शिक्षणपत्रिकेचे संपादन केले आणि १९३६ साली मुंबईस, दादर येथे शिशुविहार सुरू केला. संस्था नावारूपास आली. तथापि ताराबाईंच्या मनाला एक विचार सारखा बोचत राहिला. ही साधने महाग होती आणि बालमंदिरात येणारी मुले बहुधा शहरातील सुखवस्तू घरांतील होती. ज्या शिक्षणाचा उगम गरिबांच्या वस्तीत झाला, ते आपल्या देशात गरिबांनाच पारखे का व्हावे? महात्मा गांधींनी मांडलेल्या नयी तालीमच्या विचारानेही त्यांचे लक्ष खेड्यांकडे वळविले होते.

अखेर १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून बोर्डीस आल्या. समुद्राकाठचे हे गाव त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ या तरुण शिक्षिका त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या आणि अखेरपर्यंत त्यांच्या उजव्या हात बनून राहिल्या.

परंतु आरंभीच अपयश समोर उभे राहिले. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती उघडली, ती गरिबांची मुले तिच्याकडे फिरकेनात. दुसरा कोणी असता, तर त्याने पालकांच्या अज्ञानाला दोष दिला असता. ताराबाईंनी दोष शाळेत शोधला. आईबाप मोलमजुरीस गेले की थोरल्या मुलाने धाकट्या भावंडास सांभाळायचे, घर राखायचे. त्याने शाळेत यावे केव्हा? मूल शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेनेच मुलाकडे गेले पाहिजे, हा सरळ न्याय त्यांना पटला. त्या आणि अनुताई वस्तीत गेल्या आणि तेथील अंगणातच बालवाडी भरवू लागल्या. प्रथम मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. कडेवरच्या भावंडालाही तेथे मज्जाव नव्हता. अंगणात भरणारी ती अंगणवाडी.

आता महागड्या साधनांचा प्रश्नही सुटला. अंगणाच्या भोवती खडे, बिया, पाने, फुले, शिंपले आणि काटक्या यांचे भांडार खुलेच होते. बियांचे दहादहांचे ढीग मांडले की संख्या कळते. त्याच बिया वर्तुळात मांडल्या की रांगोळी होते. आणि एक बी मातीत पुरली की चार दिवसांनी तिचा अंकुर दिसतो. जास्वंदीच्या पाकळ्या पाच आणि पळसाची पाने तीन, हे मोजताना मूल गणित शिकते आणि झाडही ओळखू लागते. दुकानात मिळणारे कोणतेही साधन एकाच वेळी इतके शिकवू शकत नाही. मात्र ही साधने फुकट मिळाली, म्हणून शिकविणे सोपे झाले नाही. कोणते मूल कोठे अडले आहे, हे ओळखणारी शिक्षिकेची नजर हवी. ती तयार करण्यासाठी ताराबाईंनी बालसेविकांच्या प्रशिक्षणावर फार भर दिला.

१९५७ साली हे कार्य बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. भोवती वारली आदिवासींचे पाडे होते. वारल्यांच्या घरांच्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे असत. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा राहतो. वर्तुळात सूर्य-चंद्र येतात. चौकोनात लग्नाचा देवचौक बसतो. ज्या समाजाला लोक अडाणी म्हणत, त्याच्या भिंतीवर कला, भूमिती आणि निसर्ग पूर्वीपासूनच एकत्र नांदत होते! अशा घरातील मूल शाळेत येते ते रिकाम्या मनाने नव्हे, ही जाणीव ठेवूनच कोसबाडला शिक्षण दिले जाई.

तेथील अनेक मुले दिवसभर गुरे राखीत. त्यांना शाळेत बोलावणे म्हणजे घरच्या भाकरीवर घाला घालणे होते. म्हणून शिक्षक कुरणात गेले. गुरे चरत असताना झाडाच्या सावलीत शाळा भरू लागली. हीच कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकत्र गुंफणारी विकासवाडीही याच टेकडीवर बहरली.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशाच्या खेड्यापाड्यांत पोचला. अनुताईंनी मात्र कोसबाडची टेकडी सोडली नाही. १९९२ साली झालेल्या मृत्यूपर्यंत त्यांनी ताराबाईंचे व्रत चालविले.

अंगणवाडी हा शब्द आज घरोघरी ठाऊक आहे. परंतु केवळ पाटी लावल्याने अंगणवाडी होत नाही. बोर्ली पंचतनच्या एखाद्या मुलाने ओंजळभर शिंपले आणून बाईंच्या पुढे ठेवावेत आणि बाईंनी ते कचरा म्हणून फेकून न देता त्याच्याबरोबर जमिनीवर बसून मोजावेत, मांडावेत, निरखावेत. असे जेथे घडेल, तेथे ताराबाईंची शाळा भरली आहे असे खुशाल समजावे.