विश्लेषण : आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेला जाण्याची तयारी कशी केली होती?

मार्कंडा परिसरातून आज कुणी परदेशी शिकायला निघाले, तर व्हिसा, विमा आणि बॅग किती किलोची चालेल ही माहिती मोबाइलवर मिळते. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा सल्ला विचारावा अशी त्या वाटेने गेलेली एकही ओळखीची बाई नव्हती.

जाण्याचा निर्णय का घेतला?

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले. चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहाच दिवस जगले. उपचार वेळेवर मिळाले असते तर, हा विचार मनात राहिला आणि डॉक्टर व्हायचे ठरले. गोपाळरावांचा हट्टही त्यामागे होता. तो शिकवण्याचा होता तसाच छळाचाही होता, हे विसरता येत नाही.

अमेरिकेत ओळख कशी झाली?

गोपाळरावांनी एका अमेरिकी मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी ते वाचून स्वतःहून पत्र पाठवले. पुढची तीनेक वर्षे पत्रव्यवहार चालला. एकमेकींना न पाहताच आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या होत्या. परक्या देशात उतरायला घर मिळाले ते असे. सगळ्या तयारीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची ठरली.

विरोधाला उत्तर कसे दिले?

गोपाळरावांना सोबत जाता येणार नव्हते. विवाहित ब्राह्मण स्त्री एकटी समुद्र ओलांडणार म्हणून गदारोळ उठला. तेव्हा हे दांपत्य बंगालमधील श्रीरामपूरला होते. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात 24 फेब्रुवारी 1883 रोजी आनंदीबाईंनी इंग्रजीत जाहीर भाषण केले. अमेरिकाच का, इथे शिकता येत नाही का, एकटी का, परतल्यावर वाळीत टाकले तर काय, अशा सहा प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर देशभरातून मदत येऊ लागली. प्रवासखर्चासाठी सोन्याच्या बांगड्याही विकल्या गेल्या.

तयारीत काय राहिले?

प्रकृती. डोकेदुखी, ताप, धाप हे त्रास कलकत्त्यातच सुरू झाले होते. कार्पेंटरबाईंनी पाठवलेल्या औषधांनीही उतार पडला नव्हता. तरीही 7 एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. तेव्हा वय होते अठरा. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. साडी आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. तिथल्या कडक थंडीत हे निभावणे सोपे नव्हते, आणि आजार वाढतच गेला.

11 मार्च 1886 रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक ठरलेली होती. त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्यांच्या नावाची शिळा आहे.