अत्र्यांची तोफ आणि यशवंतराव

ग्रामपंचायतीची निवडणूक आली की आपल्याकडं आधी तोंडाची लढाई सुरू होते. समोरच्यानं एक शिवी दिली की आपण दोन द्यायच्या, नाहीतर लोक भित्रा म्हणतील, असा हिशेब. मागं शिरोळ तालुक्यातल्या एका गावात प्रात्यक्षिकाला गेलो होतो. पाणंदीवरून दोन गट असे भिडले की उसातल्या हुमणीबद्दल सांगायचं राहूनच गेलं. जयसिंगपूरला परतताना यशवंतराव चव्हाण आठवले.

त्यांचा जन्म 12 मार्च 1913 चा, देवराष्ट्रे गावचा. वडील लवकर गेले, आई विठाईनं कराडात वाढवलं. 1938 साली कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून ते बी. ए. झाले, 1942 ला भूमिगत राहिले. हे तुम्हाला ठाऊक असेल. पुढचं जरा नीट बघा.

मुंबईसह मराठी राज्याची मागणी पेटलेली. मोरारजी देसाई मुख्यमंत्री. 20 नोव्हेंबर 1955 ला चौपाटीच्या सभेत त्यांनी आणि स. का. पाटलांनी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असं लोकांना डिवचून सांगितलं. सभा उधळली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. त्या आंदोलनात शंभरावर माणसं गेली. अरेला कारे करणाऱ्याच्या हातात पोलीस असले की काय होतं ते यात दिसतं.

यशवंतरावही चुकले नाहीत असं नाही. त्याच डिसेंबरात फलटणला त्यांनी नेहरूंना संयुक्त महाराष्ट्रापेक्षा मोठं ठरवलं, आणि लोक भडकले. 1 नोव्हेंबर 1956 ला ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. पंधरवड्यात आचार्य अत्र्यांचा दैनिक 'मराठा' निघाला. अत्र्यांची लेखणी म्हणजे माणूस सोलून काढणारी. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस झोपली. कराडात खुद्द यशवंतराव थोडक्या मतांनी वाचले. तेव्हा अत्र्यांची धार फुकट गेली असं मी म्हणणार नाही. त्या रेट्याशिवाय दिल्ली हलली नसती.

पण त्या भाषेला यशवंतरावांनी त्याच भाषेत उत्तर दिलं नाही. नुसते गप्पही बसले नाहीत, हे ध्यानात घ्या. 30 नोव्हेंबर 1957 ला प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला नेहरू येणार होते. समितीनं निदर्शनं ठरवली. बंदी घालणं सोपं होतं. यशवंतरावांनी रस्त्याकडेला निदर्शनं होऊ दिली. वाई, पसरणी घाटात काळी निशाणं घेऊन लोक उभे राहिले, नेहरूंनी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि दिवस शांततेत पार पडला. लोकांचा राग त्यांनी असा थेट दिल्लीच्या माणसापुढं उभा केला. भाषणानं ते जमलं नसतं. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला हा दिवस मोठा.

1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं. बेळगाव, निपाणी मात्र राहिली, ती सल आपल्या भागाला जास्त. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. ज्या सभागृहात आपण आज भांडतो ते त्यांच्याच काळातलं.

त्याच वर्षी चीनचं आक्रमण झालं आणि नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. 1963 मध्ये लोकसभेसाठी नाशिकची पोटनिवडणूक लागली. युद्धाची छाया होती हे खरं. तरी सहा वर्षांपूर्वी कराडात ज्यांना थोडक्या मतांनी निसटावं लागलं होतं, ते नाशिकमधून बिनविरोध निवडून आले.