रेव्हरंड ना. वा. टिळक : उपासनेत टाळ-मृदंग आणणारा कवी

९ मे हा रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा स्मृतिदिन. टिळक म्हटलं की आधी लोकमान्य आठवतात, पण हे कवी टिळक. फुलांमुलांचे कवी म्हणून त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकातून पिढ्यान् पिढ्यांना झाली. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत मात्र हे नाव शाळेच्या आधीच पोचलेले असते. उपासनेत गीताचा क्रमांक सांगितला जातो, पेटीवर सूर धरला जातो आणि लोक पुस्तक न उघडता गाऊ लागतात. त्यातली कितीतरी गीते टिळकांची आहेत.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचे, वडील सरकारी नोकरीत. आई जानकीबाई लवकर गेल्या आणि मुलगा घराबाहेर पडला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे तो संस्कृत शिकला. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचे लग्न झाले. ही मनकर्णिका म्हणजेच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

टिळकांचा पाय एका जागी ठरत नसे. आज इथे शिक्षक, उद्या तिथे, मधेच सगळे सोडून भटकंती. कविता मात्र सुटली नाही आणि धर्माचा विचारही सुटला नाही. जातीभेदाने पोखरलेल्या समाजाला एकत्र आणील असा धर्म कुठला, हा प्रश्न त्यांना छळत होता. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. वाचताना डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत घराने मोजली. लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू माहेरच्या माणसांकडे राहिले. नवरा जिवंत असून संसार तुटला. काही काळ लक्ष्मीबाई पंढरपुरातही होत्या. जवळपास पाच वर्षांची ही ताटातूट. त्या दिवसांत टिळकांचा आधार होता तो पत्रांचा आणि कवितेचा. पुढे दोघे नगरला एकत्र आले. लक्ष्मीबाईंनी सोवळे-ओवळे, शिवाशिव यांच्याशी मनातल्या मनात मोठे भांडण करून ते टाकून दिले आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून फरफटत गेल्या, असे त्यांच्याबद्दल कुणालाच म्हणता येणार नाही.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचे मोठे काम होते. तिथे टिळकांनी धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत शिकवले आणि तिथेच त्यांच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. मंडळीतले बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरचे, महार आणि मांग समाजातले. त्यांच्या कानात पोवाडा, ओवी, भारूड, एकतारीवरचे भजन. आणि उपासनेत गायची बरीचशी गीते इंग्रजीवरून मराठीत आणलेली, चालही तिकडचीच.

यात अडचण नुसत्या आवडीनिवडीची नव्हती. इंग्रजी गीत शब्दातल्या आघातावर चालते, मराठी पद ऱ्हस्व-दीर्घावर आणि तालावर. परकी चाल मराठी शब्दांवर बसवली की जिथे सूर लांबवायचा तिथे नेमके छोटे अक्षर येते, आणि जिथे थांबायचे तिथे शब्द अर्धा राहतो. गाणाऱ्याची जीभ अडखळते. शिवाय ते गीत पुस्तकात बघून म्हणायचे. ज्याला अक्षरओळख नाही त्याने काय करायचे? तो मागच्या बाकावर गप्प बसणार.

भजनाची रीत याच्या उलट. एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी उचलायची. दोन-तीन वेळा घोळली की पाठ. टाळ हातात आला की लाजणारा माणूसही ठेका धरतो. पुस्तक लागत नाही, बाक लागत नाही, झाडाखालीही चालते. शिकलेला आणि न शिकलेला, ब्राह्मण घरातून आलेला आणि महारवाड्यातून आलेला, दोघांना एकाच वेळी तीच ओळ म्हणावी लागते. टिळक जो एकोपा शोधत होते तो त्यांना या मांडणीत तयारच सापडला.

या वाटेवर ते पहिले नव्हते. नगरच्याच कृष्णराव सांगळे यांनी टिळकांच्या आधी ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. मिशनरी हेन्री बॅलेंटाइन यांनी मराठी गीतांचे काम त्याही आधी केले होते. टिळकांचे वेगळेपण असे की त्यांच्याकडे संतांची भाषा उसनी नव्हती. ज्ञानेश्वर आणि तुकाराम त्यांच्या रक्तात होते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत, आणि हे मान्य करताना त्यांना कधी संकोच वाटला नाही. अभंग, ओवी, साकी, दिंडी, पद हे सगळे साचे त्यांनी उपासनेसाठी वापरले. ख्रिस्त त्यांच्या गीतांत कधी गुरू होतो, कधी सखा, कधी आई. माऊली हा शब्द ज्या मातीत देवाला सहज लावला जातो, तिथल्या माणसाला ही भाषा समजावून सांगावी लागत नाही.

कीर्तनाचेही तसेच. पूर्वरंगात एक विचार मांडायचा, उत्तररंगात त्यावर आख्यान लावायचे, मधे मधे पदे आणि साथीला पेटी-तबला. टिळकांनी बायबलमधल्या कथा या चौकटीत बसवल्या. ऐकायला ख्रिस्ती नसलेले लोकही बसत. काहींना हे पटत नव्हते. टाळ-मृदंग आणले की जुना धर्म मागच्या दाराने आत येईल, अशी भीती मंडळीत होती. बाहेरच्यांना वाटे, आमचे कीर्तन पळवले. दोन्हीकडून बोलणी बसली. टिळकांचा मुद्दा साधा होता : माणूस ख्रिस्ती झाला म्हणून त्याचे मराठीपण संपत नाही.

१९१२ पासून ते 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक होते आणि अखेरपर्यंत राहिले. १८४२ मध्ये सुरू झालेले हे पत्र मराठी ख्रिस्ती समाजाचे मुखपत्रच होते. टिळकांच्या कविता-भजने तिथून गावोगावी गेली. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. जन्म, लग्न, पेरणी, पहाट, आजारपण, मरण, प्रत्येक वेळेला म्हणायला काही ना काही आहे. शोकाच्या घरी ती अधिक उपयोगी पडतात. तिथे कुणाला प्रवचन ऐकायचे नसते. बोलून समाधान होत नाही, पण शेजारी बसून एक भजन म्हटले तर रडणाऱ्याला रडता येते आणि गप्प बसलेल्याला सूर मिळतो. टिळकांनी स्वतः ताटातूट आणि मुलांचे मृत्यू पाहिले होते, त्यामुळे त्यांचे सांत्वन वरवरचे वाटत नाही.

आता आपल्या भागाकडे पाहू. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० मध्ये सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथडिस्टांकडे गेले. कोल्हापुरात १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर आले आणि पुढे ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे झाले. मिरजेला डॉ. वानलेस यांचे इस्पितळ आणि निपाणीचे कामही त्याच मिशनचे. नगर-सातारा-सोलापूरकडे टिळकांचे अमेरिकन मराठी मिशन. कॅम्पात इंग्रजांचे अँग्लिकन चर्च वेगळे. प्रत्येकाचा पैसा वेगळ्या देशातून, शिस्त वेगळी, बिशप किंवा पंचमंडळ वेगळे. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा अनेक मंडळ्या एकत्र आल्या, मेथडिस्ट बाहेर राहिले. कागदावरची एकी अशी अडत-अडखळत झाली. गाण्यातली एकी त्याच्या कितीतरी आधीची. निपाणीची मुलगी लग्न होऊन बेळगावात, नगरला किंवा मुंबईत गेली, तर तिथले चर्च दुसऱ्या पंथाचे असले तरी पहिल्याच रविवारी तिला ओळखीचे भजन ऐकू येते.

सीमाभागाला ही गोष्ट नवी नाही. इथल्या दिंड्या ज्या पंढरपूरला जातात, त्याच विठ्ठलाची पदे कन्नडमध्ये पुरंदरदासांनी गायली. भाषा दोन, टाळ एक, हे इथल्या लोकांनी शतकानुशतके पाहिले आहे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली. ठरलेली महिन्याची आवक थांबली, संसार चालूच होता. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. परदेशी पैशाशिवाय, पंथांच्या कुंपणाशिवाय ख्रिस्ताचे अनुयायी एकत्र यावेत, ही कल्पना. ती रुजायला वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ५७. 'देवाचा दरबार' त्यांच्यानंतर टिकला नाही.

टिकली ती गाणी. पुण्यात काम केलेले स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकोल यांनी त्यांतली काही इंग्रजीत नेली आणि ती तिकडच्या चर्चच्या गीतपुस्तकांत गेली. जिथून गीते उसनी आणली जात होती तिकडे मराठी भजन पोचले. येशूच्या जीवनावरचे 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य मात्र टिळकांच्या हातून अपुरे राहिले. नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या, कधी काळी त्याच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घालून ते पुरे केले.

चर्चमधले पंथ आजही आहेत. जात पुरती गेली, असेही कुणी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पण उपासना सुरू होते, टाळ वाजतो, तेव्हा निदान तेवढा वेळ सगळे एकाच ओळीवर असतात.