आजचं वाचन : गीता ६.१६-१७ आणि फिलाडेल्फियातली एक थंड खोली



आज सहाव्या अध्यायातले सोळा आणि सतरा हे दोन श्लोक. अर्थ बहुतेकांना माहीत आहे. जो फार खातो त्याला योग साधत नाही, आणि जो अजिबात खात नाही त्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. खाणं, फिरणं, काम, झोप, जाग हे सगळं ज्याचं मापात आहे त्याचं दुःख योग दूर करतो. ज्ञानेश्वरीत माउली हे माप अजून बारीक करतात, पाऊल किती टाकावं आणि बोलावं किती इथपर्यंत येतात.

मी या श्लोकांवर आधी दोनदा लिहिलंय. दोन्ही वेळा मोबाइल, रात्रीची जागरणं, कोडिंग करताना चरत बसणं वगैरे. आज ते नाही. काल रात्री आपल्या वाचकांपैकी एका मुलीचा मेसेज आला. म्युनिकला जाऊन तिला दहा दिवस झालेत, दोन वर्षं राहायचंय, एकटीच आहे. घर माळकरी. कँटीनमध्ये शाकाहारी म्हणून जे देतात त्यात नक्की काय असतं याची खात्री वाटत नाही, म्हणून ब्रेड, केळी आणि उकडलेले बटाटे यावर चाललंय. संध्याकाळी खोलीवर आली की रडू येतं. आणि आता एकादशी आलीय, ती धरू का, असं विचारलंय.

मी मोडनिंबला घरी बसून काम करतो. पंढरपूरची गाडी आमच्या स्टेशनवरून जाते, एकादशीला ती गच्च भरलेली असते. आईच्या हातची भाकरी खाऊन परदेशात उपाशी बसलेल्या मुलीला सल्ला देणं फार सोपं आहे. म्हणून मी माझं काही सांगण्याआधी आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगतो. पहिली भारतीय महिला डॉक्टर म्हणून शाळेत धड्यात वाचलेल्या. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण तिकडचे पहिले दिवस कसे गेले ते सहसा कुणी सांगत नाही.

जन्म ३१ मार्च १८६५. माहेरचं नाव यमुना, घर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव वीसेक वर्षांनी मोठा, पोस्टात कारकून. गोपाळरावांना बायकोला शिकवायचं वेड होतं आणि ते वेड कधी कधी फार कठोर व्हायचं, हे खरंच आहे. त्यावर नाटक, कादंबरी, सिनेमा सगळं झालंय, मी त्यात जात नाही. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहाच दिवसांत गेलं. नीट औषधोपचार मिळाले असते तर वाचलं असतं. डॉक्टर व्हायचं तिथून मनात बसलं.

गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका मिशनरी संपादकाला मदतीसाठी पत्र लिहिलं. धर्म बदला म्हणजे मदत करू, अशा धर्तीचं उत्तर आलं. ते या दोघांना मान्य नव्हतं. पण तो पत्रव्यवहार छापला गेला आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी तो दाताच्या डॉक्टरकडे नंबरची वाट बघत असताना वाचला. त्यांनी आपणहून पत्र लिहिलं. ओळख नाही, पाळख नाही. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या.

निघण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, श्रीरामपूरच्या कॉलेजात (हे आपलं नगरचं नाही, कलकत्त्याजवळचं, गोपाळरावांची बदली तिथे झाली होती) आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केलं. वय अठराला एक महिना कमी. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी तिथे सगळ्यांसमोर सांगितलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं या एका शब्दाभोवती फिरतं. वडिलांनी दिलेल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या, थोडी वर्गणी जमली, आणि ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट निघाली. नवरा मागे राहिला. सोबत मिशनरी बायका. जवळजवळ दोन महिने समुद्रावर. शाकाहारी माणसाचे बोटीवर जे हाल व्हायचे ते झाले. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा धक्क्यावर कार्पेंटर मावशी उभ्या होत्या.

उन्हाळा रोझेलला मावशींच्या घरी गेला. तो बरा गेला. घर होतं, मुलं होती, चूल होती. आपल्या पद्धतीचं शिजवता येत होतं, आल्यागेल्याला खाऊही घालता येत होतं. खरे पहिले दिवस सुरू झाले ते ऑक्टोबरमध्ये, फिलाडेल्फियात.

विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. १८५० साली सुरू झालेलं, फक्त बायकांसाठी. डीन रेचल बॉडली, विषय रसायनशास्त्र. त्यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली. मावशी पोचवायला आल्या आणि परत गेल्या. आता आनंदीबाई एकट्या.

जी खोली मिळाली तिथली शेकोटी धड नव्हती. पेटवली की खोलीभर धूर, विझवली की थंडी. धूर सोसायचा की गारठा, एवढीच निवड. कोकणपट्टीत वाढलेली मुलगी, समोर फिलाडेल्फियाचा हिवाळा. दिवसभर लेक्चर, पाठांतर, शवविच्छेदन, सगळं इंग्रजीत. संध्याकाळी परत त्याच खोलीत. पत्र टाकलं तर घरी पोचायला महिन्याहून जास्त, उत्तर यायला परत तेवढंच. म्हणजे आज रडू आलं म्हणून लिहिलं, तर धीराचं उत्तर येईपर्यंत ऋतू बदललेला. आपण व्हिडिओ कॉल दोन मिनिटं बफर झाला तरी चिडतो.

आणि तेच जुनं, खायचं काय?

आनंदीबाईंनी काय बदललं आणि काय नाही हे बघण्यासारखं आहे. लुगडं त्यांनी बदललं. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. थंडी वाजते, आणि त्या काळच्या अमेरिकेत ते सभ्यही दिसत नव्हतं. म्हणून त्या गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसायला लागल्या. नवऱ्यालाही पत्रातून तसं कळवलं. पण साडी सोडून झगा घातला नाही. १८८५ च्या ऑक्टोबरमधला एक फोटो प्रसिद्ध आहे, जपानची केई ओकामी किमोनोत, सिरियाची साबात इस्लांबुली तिच्या देशाच्या पोशाखात आणि आनंदीबाई साडीत. तिघी शेजारी शेजारी. दोन वर्षांचे हिवाळे काढल्यानंतरचा फोटो आहे हा. जेवणाचा नियम मात्र मोडला नाही. मांस नाही म्हणजे नाही.

इथे मी अडखळतो. खरं सांगतो, पूर्वी मी ही गोष्ट कीर्तनात ऐकावी तशी ऐकायचो. केवढी निष्ठा, आणि आपण? पण आजचे श्लोक समोर ठेवले की तसं सरळ म्हणता येत नाही. अजिबात न खाणाऱ्यालाही योग नाही, असं भगवान स्वतः सांगतात. सतराव्या अध्यायात तर शरीराला पिळून काढणाऱ्या घोर तपाला ते आसुरी म्हणतात, कारण त्या शरीराच्या आत तेच बसलेत. मग आनंदीबाईंचं काय? तब्येत ढासळत गेली, पुढे क्षय झाला. नुसत्या जेवणाने क्षय होत नाही हे मलाही कळतं, थंडी, धूर, अतिश्रम, आधीचं अशक्तपण सगळं आलं. पण पोटात पुरेसं नव्हतं हेही त्यात आलंच.

माझं मत असं आहे, पटलं नाही तर कमेंटमध्ये सांगा. आनंदीबाई उपास करत नव्हत्या. त्यांना खायचं होतं. वरण, भात, भाजी मिळती तर त्या पोटभर जेवल्या असत्या, रोझेलला जेवतच होत्या. नियम तोच होता, फक्त रोझेलला त्याच्या शेजारी चूल होती आणि फिलाडेल्फियात नव्हती. त्यांनी शरीराला मुद्दाम छळलं नाही. त्यांच्या शब्दाला जेवढा आधार लागत होता तेवढा तिथे उभा नव्हता, इतकंच. आपण मात्र नंतर त्या उपासमारीचीच आरती करतो, आणि मग म्युनिकमधल्या मुलीला वाटतं की भूक लागली म्हणजे आपली भक्ती कमी पडली.

पुढचं थोडक्यात. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या, गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोचले होते. प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र, त्यात आपल्या जुन्या ग्रंथांचा आधार घेतलेला. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा ठरली होती. वर्ष संपता संपता त्या परत आल्या, हिंदू म्हणूनच. कोल्हापूरला रुजू होणं झालं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिना राहिला होता. रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवली, ती अजून त्यांच्या घराण्याच्या जागेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत आहे.

तर अगं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माळ काढू नकोस, ती तुला जड होत नाहीये. मांस खाण्याचा प्रश्नच नाही, तू तो विचारलाही नाहीस. पण दहा दिवस तू तशीही अर्धपोटी आहेस. आमच्या घरी आजारी माणसाला आणि बाळंतिणीला एकादशी धरू द्यायचे नाहीत, आजी स्वतः ताट वाढायची. तू सध्या त्यांच्यातच मोडतेस. यावेळी नाम घे, हरिपाठ म्हण आणि जेव. शनिवारी एखादं भारतीय किराणा दुकान शोध, तांदूळ, तूरडाळ, हिंग, मोहरी आण. खोलीत शिजवायची परवानगी आहे का ते घरमालकाला आजच विचार, लाजू नकोस. छोटा कुकर घे, तीन लिटरचा पुरतो. मी ऑनसाइट असताना दोन महिने लाजण्यातच घालवले होते, वजन सात किलो उतरलं होतं.

आणि कुकरची पहिली शिट्टी झाली की फोटो पाठव. पुढची एकादशी पंधरा दिवसांनी आहेच, तेव्हा बघू.

उद्या श्लोक अठरा.

राम कृष्ण हरी.