अष्टपैलू सी. के.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. नागपूर ही तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्याच प्रांतात मोडत असे. १९१६ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघातून पदार्पण करताना या उंचपुऱ्या तरुणाने धावांचे खाते उघडले ते षटकाराने.

१९२३ मध्ये होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला बोलावून सैन्यात अधिकारपद दिले. १९२६ साली मुंबई जिमखान्यावर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध नायडूंनी ११ षटकारांसह १५३ धावा फटकावल्या. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. क्षेत्ररक्षण करताना हात दुखावला असूनही पहिल्या डावात संघातर्फे सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. त्या दौऱ्यातील प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी १६१८ धावा केल्या आणि ६५ बळीही घेतले.

हे दोन्ही आकडे एकाच खेळाडूचे आहेत, हे आज मुद्दाम आठवावे लागते. अमेरिकेत बेसबॉलच्या अमेरिकन लीगने १९७३ साली चेंडू फेकणाऱ्या पिचरऐवजी दुसऱ्याला फलंदाजीची मुभा दिली. नॅशनल लीगने हा नियम कायमचा स्वीकारण्यास २०२२ साल उजाडले. त्याच वर्षी आपल्याकडे ‘इम्पॅक्ट प्लेअर’चा प्रयोग सुरू झाला, तोही सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत. पुढच्या वर्षी तो आयपीएलमध्ये आला. मुश्ताक अली हे इंदूरचे, नायडूंच्याच तालमीत घडलेले, हा विलक्षण योगायोग!

ज्याला फलंदाजी जमत नाही त्याला बळेच उभे करून प्रेक्षकांना काय मिळते, हा समर्थकांचा प्रश्न गैर नाही. परंतु सामन्याच्या मध्येच फलंदाज काढून गोलंदाज आणता आला, की दोन्ही कामे करणाऱ्याची निकड कमी होते. अशा नियमात नायडूंच्या वाट्याला कदाचित धावा आल्या असत्या किंवा बळी.

१९५६ साली पद्मभूषण मिळाल्यावरही, साठी ओलांडलेले नायडू रणजी सामन्यात खेळत होते. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले. विदर्भाच्या संघात जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्या गोंदियातील मुलाने बॅट आणि चेंडू दोन्ही हाती घ्यावेत की एकच, याचे उत्तर मात्र आता नियम करणाऱ्यांनाच द्यावे लागेल.